एक रुपयाचं काम नाही

गेली २७ वर्षं मी कोल्हापुरात वाणिज्य शाखेच्या मुलांना घसारा शिकवतो. यंत्र असो, फर्निचर असो, गाडी असो. वापरानं, काळानं आणि नुसतं पडून राहूनसुद्धा तिची किंमत कशी उतरत जाते, हे मी फळ्यावर इतक्या वेळा मांडलंय, की स्थिर हप्ता पद्धत मला झोपेतही सांगता येते. (बायकोच्या म्हणण्यानुसार मी सांगतोही.) त्यामुळे ऑक्टोबर २०२१ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, मी १४ वर्षं जुनी, १,८७,००० किलोमीटर पळालेली, दोन दारांची, दोनच माणसांची, टप उघडणारी जर्मन स्पोर्ट्स कार विकत घेतली, ती अज्ञानातून घेतली असं मला म्हणता येत नाही. मी ती ज्ञानातून घेतली. ते जास्त महागात पडतं.

कंपनीचं नाव सांगत नाही. त्या बिचाऱ्यांनी गाडी चांगलीच बनवली होती. पुढेमागे ती बुककीपिंगच्या मास्तराच्या हाती पडेल, हे त्यांच्या आराखड्यात नव्हतं.

माझा हिशोब असा होता. ही गाडी नवी असताना चाळीस लाखांच्या पुढची. आता मागत होते सहा लाख चाळीस हजार. म्हणजे तेहतीस-चौतीस लाखांचा घसारा दिल्लीतल्या आधीच्या मालकानं सोसलेला. दुसऱ्यानं सोसावं आणि आपण भोगावं, इतका सोयीचा व्यवहार पाठ्यपुस्तकातसुद्धा नसतो. शिवाय घटत्या शिलकेच्या पद्धतीत किंमत कधीच शून्यावर येत नाही, हे मी मुलांना दर वर्षी सांगतो. त्या आलेखाची शेपटी कशी सपाट होत जाते, ते मी बायकोला वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर काढून दाखवलं. ती बँकेत आहे. तिनं आलेख पाहिला, चष्मा काढला आणि विचारलं, "अहो, पण हिला मागची सीट कुठाय?"

मुळात या दुखण्याची सुरुवात गोव्यात झाली. १९९८ साली गोव्याच्या कारखान्यातून सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनांची चिमुकली गाडी बाहेर पडली होती. फायबरची बॉडी, फ्रान्सच्या रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन, ६० अश्वशक्ती. आजच्या हिशोबानं काहीच नाही, पण तेव्हा आपल्याकडे गाडी म्हणजे चार दारं, पाच माणसं आणि मागच्या काचेत टिश्यूचा डबा. लग्नानंतर आम्ही १९९९ मध्ये पणजीला गेलो, तेव्हा मांडवीच्या कडेला ती लाल गाडी उभी होती. मला त्या सहलीतली ती गाडी आठवते. बायकोला आठवतं ते एवढंच, की मी तिच्याभोवती अर्धा तास घिरट्या घातल्या आणि तोवर खानावळीतली सुरमई संपली.

तर बावीस वर्षं मी सुरमईचं ऐकून घेतलं, आणि एके दिवशी सहकाऱ्याच्या मेहुण्याच्या ओळखीनं पुण्यातला एक डीलर सापडला. त्याच्याकडे सगळा माल दिल्लीचा. दिल्लीत १५ वर्षांपुढची पेट्रोल गाडी रस्त्यावर आणायची नाही, असा हरित लवादाचा २०१४ चा आदेश होता. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो कायम ठेवला. त्यामुळे चौदावं वर्ष लागलं, की तिकडच्या गाड्या, उपवर मुलींचे बाप पूर्वी धास्तावायचे तशा धास्तावायच्या आणि मिळेल त्या स्थळी, मिळेल त्या राज्यात उजवल्या जायच्या. माझी गाडी जून २००७ ची. आठ महिन्यांत 'वय' होणार होतं. घाई दोन्ही पक्षांना होती. त्यांची मला कळली नाही, माझी त्यांना दिसली.

"सर, डॉक्टरची गाडी आहे," डीलर म्हणाला. आजवर मी पाहिलेली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरची होती. भारतात डॉक्टर कमी का पडतात, याचा कुणी या बाजूनं विचार करायला हवा. बहुधा ते सतत गाड्या विकत असतात. "इंजिन सीलपॅक. टायर ऐंशी टक्के. बॅटरी नवी. एक रुपयाचं काम नाही."

मीटरवर १,८७,००० पाहून मी जरा चरकलो. चेहऱ्यावर दिसलं असणार, कारण त्यानं लगेच आवाज खाली आणला. "सर, मी पण हा आकडा साठ हजार करू शकलो असतो. पंधरा मिनिटांचं काम आहे. पण तुमच्यासारख्या माणसाला फसवायचं नाही." बस. याच वाक्यावर मी विकला गेलो. समोरचा माणूस खोटं बोलू शकत असताना खरं बोलतोय, याचं मला इतकं अप्रूप वाटलं, की तो जे खरं सांगतोय ते काय आहे, इकडे लक्षच गेलं नाही. "आणि सगळे हायवेचे किलोमीटर आहेत," तो पुढे म्हणाला. मी मनात भागाकार केला: १४ वर्षांत १,८७,००० म्हणजे दिवसाला साडेछत्तीस. कोल्हापूरहून कागलला जाऊन यावं, इतकंच. रात्री हाच आकडा बायकोला सांगितला. तिनं पृथ्वीच्या परिघानं भागला. "साडेचार प्रदक्षिणा झाल्यात हिच्या. पाचवीला आपल्याकडे आलीय."

पाहायला गेलो, तेव्हा टप उघडाच होता. तरी मी जाणकारासारखं विचारलं, "टप उघडतो ना?"

"उघडतो की!" डीलर म्हणाला.

मग त्यानं गाडी सुरू केली, आणि जो आवाज आला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. खोल, घोगरा, छातीत घुमणारा. पंचगंगेच्या पुलाखाली कुणी वाघ बांधावा तसा. खाली वाकून पाहणं, बुश तपासणं, सोबत मिस्त्री नेणं, स्कॅनर लावणं हे सगळं मी आधी वहीत लिहून नेलं होतं. वही खिशातच राहिली. इंजिनाचा आवाज ऐकून डोळे मिटून मान डोलावणाऱ्या माणसाला कुणी किंमत कमी करून देत नाही.

पुण्याहून कोल्हापूर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. टप उघडा, ऊन ऑक्टोबरचं. खंबाटकीपर्यंत मी राजा होतो, साताऱ्यापर्यंत भाजलेला पापड, आणि कराडला चहाला थांबलो तेव्हा टपरीवाल्यानं मला ओळख नसताना ओआरएसची पुडी देऊ केली. गाडीतून उतरताना पहिल्यांदा कळलं, की स्पोर्ट्स कारमध्ये बसायचं नसतं, पडायचं असतं. आणि बाहेर यायला पाय पुरत नाहीत, आधी हात टेकावे लागतात. टपरीवर मी अक्षरशः रांगत प्रवेश केला. तेवढ्यात गाडीभोवती दहा-बारा जणांची गर्दी. एकानं बॉनेटवर प्रेमानं हात ठेवला आणि आपल्याकडे प्रत्येक गाडीला विचारला जाणारा तो एकमेव प्रश्न विचारला.

"किती देती?"

त्या वर्षी पेट्रोल शंभरीच्या पार गेलं होतं. गाडी सात देत होती. मी "बारा" म्हणालो. तरीही त्या माणसाच्या डोळ्यांत जी कणव दाटून आली, ती आमच्या घरात पुढे अडीच वर्षं कुणाच्याच डोळ्यांत दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी आमच्या मिस्त्रीकडे नेली. माझ्या जुन्या मारुतीचा हा मिस्त्री. अबोल, विडीचा षौकीन. त्यानं दोनदा रेस दिली, खाली गेला आणि दहा मिनिटांनी पुसत पुसत वर आला.

"सर, सायलेन्सरला भोक हाय."

"असू दे हो. पण आवाज ऐकलात का इंजिनाचा?"

"त्यो इंजिनाचा न्हाई. भोकाचाच हाय."

नवा सायलेन्सर बसवला, तशी गाडी आमच्या घरच्या मिक्सरच्या आवाजात बोलायला लागली. साडेसहा लाखांपैकी निदान दोन लाख मी त्या भोकाला दिले होते. जुना सायलेन्सर टाकून द्यायचा धीर झाला नाही. तो माळ्यावर ठेवला, गणपतीच्या मखराशेजारी.

यानंतर जे सुरू झालं, ते समजायला थोडं बुककीपिंग यायला हवं. जुनं यंत्र विकत घेतलं, तर ते चालू स्थितीत आणेपर्यंतची दुरुस्ती हा भांडवली खर्च. तो यंत्राच्या किमतीत मिळवायचा. यंत्र चालू झाल्यानंतरची दुरुस्ती महसुली. ती त्या वर्षीच्या नफ्यातून भागवायची. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न आहे. मी वही उघडली आणि लिहायला लागलो. खालचे आर्म: भांडवली. इंजिनाचे माउंटिंग: भांडवली. दोन शॉकॲब्सॉर्बर, रेडिएटरचा होजपाइप, 'नव्या' बॅटरीच्या जागी नवी बॅटरी: भांडवली. गाडी चालू स्थितीत आली असा दिवस वहीत नोंदवायला मला काही सापडेना. आणि तो दिवस येत नाही तोवर नियमाप्रमाणे प्रत्येक बिल गाडीच्या किमतीत मिळवलं जात होतं. जगातल्या सगळ्या गाड्यांची किंमत उतरते. माझ्या वहीत माझ्या गाडीची दर महिन्याला वाढत होती. मार्चअखेर ती नऊ लाखांवर गेली. बायकोनं वही तपासून खाली पेन्सिलीनं 'हिशोब बरोबर' असं लिहिलं. त्या दोन शब्दांइतकं मला आजवर कुणी टोचून बोललेलं नाही.

सुट्या भागांचं मात्र सांगायला हवं. पुढच्या आर्मचा एक बुश परदेशातून यायला सहा आठवडे, आणि किंमत ऐकून मला पुन्हा विचारावं लागलं, की हा बुशचाच आकडा ना. मिस्त्री काही बोलला नाही. झिजलेला बुश खिशात टाकून सायकलवरून शिवाजी उद्यमनगरात गेला. ऑइल इंजिनांचे सुटे भाग ओतत आणि लेथवर कातत दोन-तीन पिढ्या घडलेल्या त्या गल्ल्या. दुपारी परत आला, तेव्हा खिशात दोन बुश होते. "एक जादा काढलाय," म्हणाला. "तुमाला लागंल." जर्मन इंजिनियरांनी वर्षानुवर्षं जे गणित केलं असेल, ते उद्यमनगरातल्या त्या कारागिरानं जुना तुकडा बोटांत फिरवून केलं होतं. त्या गाडीतला शेवटपर्यंत न कुरकुरलेला भाग तेवढाच होता.

कुरकुरण्याचं एक कारण आमची कॉलनी. गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असावी, असं इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक आहे. आमच्या कॉलनीतल्या गतिरोधकांनी उंचीचा आकडा ओलांडलाय आणि रुंदीचा वाचलेलाच नाही. गाडीचं पोट जमिनीपासून किती वर आहे, ते मिस्त्रीनं पट्टी घालून मोजलं: रिकामी असताना साडेबारा, मी बसल्यावर साडेअकरा, आम्ही दोघं बसल्यावर त्यानं पट्टी बाजूला ठेवली. मग अशी पद्धत पडली, की गतिरोधक आला की बायकोनं उतरायचं, मी गाडी तिरकी घालून एकेक चाक पलीकडे न्यायचं, बायकोनं पुन्हा पडायचं. मुख्य रस्त्यापासून घरापर्यंत पाच गतिरोधक. तिसऱ्या दिवशी ती पहिल्याच गतिरोधकाला उतरली आणि थेट चालत घरी गेली. मी पोहोचलो तेव्हा कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या. त्या वर्षी चाचणी परीक्षेत एका मुलानं घसाऱ्याची कारणं लिहिताना वापर, काळ, अपघात यांच्यानंतर चौथं कारण 'गतिरोधक' असं लिहिलं. मी अर्धा गुण दिला.

मग आलं आरटीओ. दिल्लीची एनओसी, महाराष्ट्राचा रस्ताकर, एमएच-०९ चा नंबर इथपर्यंत एजंटनं नेलं. पण ज्या ऑक्टोबरात मी गाडी घेतली, त्याच ऑक्टोबरात केंद्र सरकारनं एक अधिसूचना काढली होती. १५ वर्षं पूर्ण झालेल्या मोटारीची नोंदणी वाढवून घ्यायची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाली. ही बातमी मी वाचली होती. ५,००० ची तयारीही ठेवली होती. जूनमध्ये खिडकीवर कळलं, की ५,००० देशी गाडीला. परदेशातून आयात केलेल्या गाडीला ४०,०००. वर पर्यावरण कर वेगळा. "इम्पोर्टेड आहे ना सर," खिडकीतला माणूस आदरानं म्हणाला. या गाडीमुळे मला मिळालेला आदर नेहमी असाच यायचा, पावतीसकट.

त्याच जूनमधली गगनबावड्याची गोष्ट. लग्नाचा वाढदिवस होता. पाऊस लांबला होता, आणि कळ्याच्या पुढे छान ऊन पडलं. मी म्हणालो, टप उघडू या. टपाशी माझं जानेवारीपासून वाकडं होतं. तो उघडेना म्हणून तीन आठवडे घालवल्यावर कळलं होतं, की डिक्कीतला आडवा पडदा लावलेला नसेल तर तो जागचा हलतच नाही. कारण घडी होऊन तो डिक्कीतच येऊन बसतो, आणि तिथं आमची मेथीची जुडी आणि दोन किलो कांदे होते. आता पडदा लावलेला होता. बटण दाबलं. डिक्कीचं झाकण मागच्या बाजूला उघडलं, टपाचे दोन तुकडे हवेत उचलले गेले, घडी झाले, आत विसावले. रस्त्याकडेला गवत कापणाऱ्या बायका विळे थांबवून बघत राहिल्या. बायकोनं वेणीतला गजरा सावरला. मला वाटलं, सुरमई फिटली.

असळजच्या अलीकडे पाऊस आला. गगनबावड्याचा पाऊस, तो काही सूचना देत नाही. मी बटण दाबलं. झाकण उघडलं, टप वर आला आणि बरोबर मध्यावर, फणा काढल्यासारखा, थांबला. सीटच्या मागून टप उभा, डिक्कीचं झाकण त्याच्यामागे उभं. पुढून पाहिलं तर गाडी जांभई देतेय, मागून पाहिलं तर अंड्यावर बसलेली कोंबडी पंख झटकतेय. (टप तेलाच्या दाबावर चालतो, पंप डिक्कीत असतो, आणि १५ वर्षांनी नळकांड्यांची सिलं पाझरतात. हे ज्ञान नंतरचं. त्या क्षणी पाझरत होतो आम्ही.) बटण दाबून दाबून बोट सुन्न झालं. आम्ही एसटीच्या शेडमध्ये धावलो. तिथं इरलं पांघरून बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी बराच वेळ गाडीकडे पाहिलं आणि बायकोला विचारलं, "बाई, ही अशीच असती का बिगडलीया?"

"अशीच असती," बायको म्हणाली.

बाबांनी शेडमागून खताच्या पोत्यांवरची ताडपत्री आणून सीटवर टाकली. दोन तासांनी कोल्हापूरहून गाडी उचलून नेणारी सपाट पाठीची व्हॅन आली. आम्हाला ड्रायव्हरनं केबिनमध्ये शेजारी बसवलं. उंच सीट, पाय पसरायला जागा, सगळीकडून काच बंद, गतिरोधकाची फिकीर नाही. हिरवीगार भातखाचरं अर्ध्या तासात मी पहिल्यांदा नीट पाहिली. "छान वाटतंय," बायको म्हणाली. "हीच घेऊ या का?"

त्यानंतर व्हॅनचा ड्रायव्हर आमच्या घरचाच झाला. २०२२ च्या दसऱ्याला त्याच्या व्हॅनलाही आमच्याकडून झेंडूची माळ गेली. त्या संध्याकाळी दसरा चौकात कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार पाहिली. लोक तिच्याकडे भक्तिभावानं बघत होते. माझ्याही गाडीकडे लोक बघत. पण ती मेबॅक चौकात चालत आली होती, हा फरक उरतोच. मिस्त्रीनं उद्यमनगरातून सिलं करून आणली. टप उघडायला लागला. मिटायला मात्र दोन माणसं, एक स्क्रूड्रायव्हर आणि मिस्त्रीचं मन चांगलं असणं एवढं लागायचं.

जून २०२४ मध्ये ती विकायला काढली. इचलकरंजीहून एक तिशीतला मुलगा आला. गाडीकडे पाहताना त्यानं डोळे मिटले नाहीत, एवढं मात्र बरं. त्यानं मीटर पाहिलं: १,८८,३४०. "किती किलोमीटरला घेतली होती सर?" मी वही दाखवली. तो चकित झाला. "पावणेतीन वर्षांत फक्त १,३४०? कसली जपून वापरलीय तुम्ही!" त्या वहीच्या मागच्या पानावर व्हॅनच्या पाठीवरून झालेल्या प्रवासाची बेरीज होती, ४१२. ते पान मी उलटलं नाही. मीटर स्वतःच्या चाकांचे किलोमीटर मोजतं, दुसऱ्याच्या नाही.

"प्राध्यापकाची गाडी," माझ्या तोंडून गेलं. पुढचंही सगळं आपोआप येत गेलं. बॅटरी नवी होती, खरंच नवी. टायर ऐंशी टक्के. बायको दारात उभी होती. तिच्याकडे न बघता मी म्हणालो, "एक रुपयाचं काम नाही."

त्यानं गाडी सुरू केली, आणि त्याचा चेहरा थोडा पडला. "आवाज जरा कमी वाटतो हो सर." मी आत गेलो, माळ्यावरून जुना सायलेन्सर उतरवला, मखराची चमकी झटकली आणि त्याच्या हातात दिला. "ओरिजिनल आहे," मी म्हणालो. त्यानं तो लहान मुलासारखा मांडीवर घेतला. सौदा चार लाख पंचवीसला झाला. माझ्या वहीत किंमत अकरा लाख बारा हजार होती. फरक तोट्यात, डाव्या बाजूला. बायकोनं पेन्सिल शोधली.

निघताना त्यानं शेवटचं विचारलं, "सर, टप उघडतो ना?"

विचारलं तेवढ्याचंच उत्तर लिहावं, हे परीक्षेआधी मुलांना मीच सांगतो.

"उघडतो की!" मी म्हणालो.

त्यानं बटण दाबलं. झाकण उघडलं, टप डौलात घडी झाला, डिक्कीत जाऊन बसला. हात हलवत तो कॉलनीच्या पहिल्या गतिरोधकाकडे निघाला. पंचगंगेच्या बाजूनं आभाळ काळंभोर भरून आलं होतं.